नियमापुरता नेमलेला फिजिसिस्ट आणि सीटी स्कॅनचा जन्म

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या करिअर पुरवणीत मध्यंतरी एमएस्सी फिजिक्स झाल्यावर पुढे काय करता येतं यावर अख्खं पान आलं होतं. नेट-सेट, इस्रो, डेटा सायन्स, बीएड, स्पर्धा परीक्षा, सगळं होतं आणि नीट लिहिलेलंही होतं, पण मेडिकल फिजिक्सचा, म्हणजे हॉस्पिटलातल्या रेडिएशनची मोजमापं आणि हिशोब बघणाऱ्या फिजिक्सचा, उल्लेख कुठेच नव्हता. मी आयुष्यभर हेच काम केलं, कॅन्सर हॉस्पिटलच्या रेडिएशन डिपार्टमेंटमध्ये, आता रिटायर झालेय. पान लिहिणाऱ्यावर राग नाही, कारण हे काम हॉस्पिटलात येणाऱ्या पेशंटलाही दिसत नाही, त्याला डॉक्टर दिसतो, सिस्टर दिसते, मशीनवर झोपवणारा टेक्नॉलॉजिस्ट दिसतो, आणि आम्ही बहुतेक वेळा तळमजल्यावरच्या एखाद्या खोलीत कॉम्प्युटरसमोर नाहीतर पेशंट निघून गेल्यावर बंकरमध्ये, म्हणजे मशीनच्या जाड भिंतींच्या खोलीत, मोजमाप घेत असतो.

पण एक वाक्य मी नोकरीभर ऐकलं आणि त्याच्याबद्दल मात्र बोलायचंय. "मॅडम, तुमची पोस्ट एईआरबीसाठी आहे." म्हणजे ॲटॉमिक एनर्जी रेग्युलेटरी बोर्डाचा नियम आहे की रेडिओथेरपीचं मशीन चालवायचं तर क्वालिफाइड फिजिसिस्ट पाहिजे, रेडिएशन सेफ्टी ऑफिसर पाहिजे, नाहीतर लायसन नाही, म्हणून तुम्हाला ठेवलंय. एका ठिकाणच्या मॅनेजमेंटमधल्या गृहस्थांनी तर मला सरळ सांगितलं होतं की तुमची सही आम्हाला लागते, बाकी वेळात तुम्ही काय करता ते आम्हाला कळत नाही, तेव्हा बिलिंगच्या कामात जरा मदत करत जा. आजही तरुण फिजिसिस्टचे मला फोन येतात तेव्हा थोड्याफार फरकाने हेच ऐकायला मिळतं. म्हणून सीटी स्कॅनमागचं गणित मांडणाऱ्या ॲलन कॉरमॅक या माणसाची गोष्ट तुमच्या वाचकांना सांगाविशी वाटते, कारण हा माणूसही हॉस्पिटलात निव्वळ नियमापुरताच गेला होता.

कॉरमॅक यांचा जन्म २३ फेब्रुवारी १९२४ चा, जोहान्सबर्गचा. वडील पोस्ट खात्यात इंजिनीअर, आई शिक्षिका. शाळेत असताना खगोलशास्त्राचं वेड लागलं, त्यासाठी गणित आणि फिजिक्स चांगलं पाहिजे हे कळलं, पण पोटापाण्याचा विचार करून केप टाऊन युनिव्हर्सिटीत इलेक्ट्रिकल इंजिनीअरिंगला प्रवेश घेतला आणि मग दोनेक वर्षांनी मन न रमल्यामुळे फिजिक्सकडे वळले (आपल्याकडेही घरोघरी हेच चालतं, फक्त परत वळायचं धाडस फार थोडे करतात). एमएस्सी करून केंब्रिजला गेले, कॅव्हेंडिश लॅबमध्ये ऑटो फ्रिश यांच्या हाताखाली संशोधन सुरू केलं. तिथे डिरॅक यांच्या क्वांटम मेकॅनिक्सच्या लेक्चर्सना बार्बरा सीव्ही नावाची अमेरिकन मुलगी येत असे, तिच्याशी लग्न ठरलं, पण हातात पैसा नाही. मग केप टाऊनच्या आपल्या जुन्या विभागप्रमुखांना पत्र लिहून नोकरी आहे का विचारलं, आणि १९५० मध्ये लेक्चरर म्हणून परत गेले. पीएचडी राहिली ती राहिलीच, पुढेही कधी केली नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. १९५५ मध्ये केप टाऊनच्या ग्रूट शूर हॉस्पिटलमधल्या फिजिसिस्टने राजीनामा दिला. हे तेच हॉस्पिटल जिथे पुढे १९६७ ला बर्नार्ड यांनी पहिलं हृदयरोपण केलं. दक्षिण आफ्रिकेच्या कायद्यात होतं की रेडिओॲक्टिव्ह आयसोटोप वापरायचे तर त्यावर पात्र फिजिसिस्टची देखरेख पाहिजे. माणूस गेला, पद रिकामं, काम थांबणार, आणि केप टाऊनमध्ये न्यूक्लिअर फिजिक्स येणारे एकटे कॉरमॅकच होते, तेव्हा युनिव्हर्सिटीतलं काम सांभाळून आठवड्याला दीड दिवस हॉस्पिटलात या असं त्यांना सांगण्यात आलं. १९५६ च्या पहिल्या सहामाहीत ते तसे जात होते. म्हणजे बघा, पोस्ट रिकामी राहू नये म्हणून, कायदा आहे म्हणून. आमच्या मॅनेजमेंटवाल्या गृहस्थांच्या हिशोबात हे शंभर टक्के सहीपुरतं काम.

रेडिऑलॉजी विभागात बसल्या जागी ते आजूबाजूला काय चाललंय ते बघत होते. तिथे एक मुलगी कॅन्सर पेशंटच्या रेडिएशनचं प्लॅनिंग करायची. त्या काळी कॉम्प्युटर नव्हता, आयसोडोस चार्ट असायचे, म्हणजे अमुक मशीनचा बीम शरीरात शिरला की किती खोलीवर किती डोस पडतो याच्या रेषा काढलेले कागद. दोन-तीन बाजूंनी बीम द्यायचे असले की ते चार्ट एकमेकांवर ठेवायचे, जिथे रेषा एकमेकींना छेदतात तिथल्या डोसची बेरीज करायची, नवीन रेषा काढायच्या, डॉक्टरांना दाखवायच्या, ते म्हणणार इथे थोडं कमी करा तिथे वाढवा, की पुन्हा पहिल्यापासून, मनासारखं जुळेपर्यंत. आमच्या आधीच्या पिढीने आपल्याकडेही असंच काम केलंय, ट्रेसिंग पेपर आणि पेन्सिल घेऊन, आणि मला त्यांच्याबद्दल अतिशय आदर आहे.

कॉरमॅक यांना जे खटकलं ते असं की हे सगळे चार्ट शरीर जणू एकसारख्या पदार्थाचं आहे असं धरून केलेले आहेत. आतमध्ये तर हाड आहे, स्नायू आहेत, फुफ्फुस आहे, ज्यात निम्म्याहून जास्त हवा. फुफ्फुसातून बीम कमी अडतो, हाडातून जास्त अडतो, मग कागदावरचा डोस आणि पेशंटच्या शरीरात पडणारा डोस एक कसा असेल? डॉक्टरांनाही हे माहीत होतं, सगळ्यांनाच माहीत होतं, पण त्याला इलाज नाही म्हणून सगळे पुढे जात होते. बाहेरून आलेल्या या माणसाने प्रश्न असा मांडला की मला शरीराच्या आत प्रत्येक बिंदूला किरण किती अडतात याचा नकाशा पाहिजे, आणि तो शरीर न कापता, फक्त बाहेरून मोजमाप करून मिळायला पाहिजे. आणि लगेच पुढचं लक्षात आलं की असा नकाशा मिळाला तर तो नुसता प्लॅनिंगला नाही, निदानालाही उपयोगी पडेल.

हे कसं होतं ते थोडक्यात सांगते. रविवारच्या पुरवणीत कोडं येतं बघा, चौकटींमधले आकडे लपवलेले असतात आणि प्रत्येक ओळीची, रकान्याची फक्त बेरीज दिलेली असते, तसंच हे. एक बारीक किरण शरीरातून आरपार गेला की पलीकडे किती उरला यावरून त्या रेषेवर एकूण किती अडला तेवढं कळतं, कुठे किती ते कळत नाही. मग दुसऱ्या रेषेने, तिसऱ्या कोनाने, अशी खूप मोजमापं घ्यायची आणि त्या बेरजांवरून आतला एकेक आकडा शोधायचा. एक्स-रे सापडून तेव्हा ६० वर्षं होऊन गेली होती, कॉरमॅक यांना वाटलं हे गणित कुणीतरी नक्की सोडवलं असणार, शोधलं तर सापडेना, मग स्वतःच बसले. मुळात ऑस्ट्रियाचे गणितज्ञ राडॉन यांनी १९१७ मध्येच ते सोडवून ठेवलेलं होतं, पण ते शुद्ध गणित होतं, कॉरमॅक यांना ते तब्बल १४ वर्षांनी कळलं.

१९५७ मध्ये केप टाऊनलाच पहिला प्रयोग केला. कोबाल्ट-६० चा सोर्स, त्याचा बारीक केलेला बीम, समोर मोजणारा काउंटर, आणि मध्ये नमुना म्हणून ॲल्युमिनियमची गोल चकती, भोवती लाकडाचं कडं. नमुना सगळ्या बाजूंनी सारखाच गोल असल्यामुळे कोन बदलायची गरज नाही, एकाच दिशेने थोडं थोडं सरकवत मोजलं की झालं. गणित करून उत्तर काढलं तर ॲल्युमिनियमचा आकडा बरोबर आला, लाकडाचा बरोबर आला, पण अगदी मधोमध काहीतरी वेगळंच दिसायला लागलं, तिथे किरण किंचित कमी अडत होते. दुसरा कुणी असता तर मोजमापातली चूक म्हणून सोडून दिलं असतं. यांनी वर्कशॉपमध्ये जाऊन चौकशी केली, तेव्हा कळलं की चकती बनवताना मध्यभागी दुसऱ्या ॲल्युमिनियमची एक खुंटी बसवली होती, जी किरण जरा कमी अडवते, आणि हे कॉरमॅक यांना कुणी सांगितलेलंच नव्हतं. त्यांना माहीत नसलेली गोष्ट त्यांच्या पद्धतीने आतून शोधून काढली! मी ट्रेनिंगला येणाऱ्या मुलांना हा प्रसंग नेहमी सांगायचे आणि त्यांना म्हणायचे की आकडा विचित्र आला तर आधी वर्कशॉपला जाऊन या, मग खोडा.

त्याच वर्षी ते अमेरिकेत टफ्ट्स युनिव्हर्सिटीत गेले आणि मुख्य काम पार्टिकल फिजिक्सचं. सीटीचं काम फावल्या वेळचं, त्यासाठी वेगळी ग्रँट नाही की मोठी टीम नाही. १९६३ मध्ये दुसरा प्रयोग केला, या वेळी नमुना एकसारखा गोल नाही, बाहेरून ॲल्युमिनियमचं कडं म्हणजे कवटी समजा, आत प्लास्टिक म्हणजे मेंदू, आणि त्यात ॲल्युमिनियमच्या दोन चकत्या म्हणजे गाठी. एका विद्यार्थ्याने कॉम्प्युटर प्रोग्राम लिहून दिला. दोन्ही गाठी बरोबर जागी दिसल्या. १९६३ आणि १९६४ ला जर्नल ऑफ अप्लाइड फिजिक्समध्ये दोन पेपर आले आणि पुढे जवळजवळ काहीच झालं नाही. कुणी दखल घेतली नाही. पेपरची प्रत मागणारं सगळ्यात लक्षात राहिलेलं पत्र आलं ते स्वित्झर्लंडच्या हिमस्खलनाचा अभ्यास करणाऱ्या संस्थेकडून, त्यांना डोंगरावर साठलेल्या बर्फाच्या आत काय आहे ते बघायचं होतं. डॉक्टरांकडून नाही, हॉस्पिटलांकडून नाही.

इकडे इंग्लंडमध्ये ईएमआय कंपनीत गॉडफ्रे हाउन्सफील्ड नावाचे इंजिनीअर, शेतकऱ्याच्या घरातले, युनिव्हर्सिटीची डिग्री नसलेले, युद्धात रडारवर काम केलेले, यांना कॉरमॅक यांच्या कामाची काही माहिती नसताना स्वतंत्रपणे हीच कल्पना सुचली. जुन्या लेथच्या बेडवर त्यांनी पहिलं यंत्र बसवलं, गॅमा किरणांचा सोर्स कमजोर असल्यामुळे एका चित्राची मोजमापं घ्यायला ९ दिवस लागले आणि मग कॉम्प्युटरला अडीच तास. १ ऑक्टोबर १९७१ ला विंबल्डनच्या ॲटकिन्सन मॉर्ली हॉस्पिटलमध्ये पहिल्या पेशंटच्या मेंदूचा स्कॅन झाला, गाठ दिसली. त्यानंतर मात्र हे इतक्या झपाट्याने पसरलं की १९७९ चं वैद्यकाचं नोबेल दोघांना मिळून देण्यात आलं. एक फिजिसिस्ट, एक इंजिनीअर, दोघांपैकी एकही डॉक्टर नाही, पीएचडी या अर्थानेही नाही. आज कुठल्याही सीटीवर जे आकडे येतात, पाणी शून्य आणि हवा उणे १०००, ते हाउन्सफील्ड यांच्याच नावाने ओळखले जातात. माझं मन मात्र केप टाऊनच्या त्या दीड दिवसावरच अडकतं.

कारण विचार करा, कायदा नसता तर ते हॉस्पिटलात गेलेच नसते. आणि कायदा होता पण गेल्यावर कुणी त्यांना रजिस्टरं भरत बसवलं असतं तर त्या मुलीच्या टेबलाशी उभं राहून तिचं काम बघायला मोकळा वेळ मिळाला नसता. दोन्ही गोष्टी लागल्या, नियम आणि मोकळीक. आपल्याकडे नियम आहे, चांगला कडक आहे, त्याबद्दल मला अभिमानच आहे, मोकळीक नाही.

आणि काम नुसतं सहीचं नसतं हेही जरा सांगते. लिनॅकमधून, म्हणजे रेडिएशन देणाऱ्या मशीनमधून, रोज किती डोस निघतो हे सकाळी पेशंट यायच्या आधी तपासावं लागतं. त्यासाठी आयन चेंबर असतं, बोटाच्या पेरापेक्षा लहान पोकळी, तिच्यात हवा, रेडिएशनमुळे त्या हवेत जो चार्ज तयार होतो तो मोजायचा. हे चेंबर बाहेरच्या हवेला उघडं असतं, त्यामुळे हवा विरळ असली की आत हवा कमी आणि रीडिंगही कमी. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटर उंच आहे, इथे हवेचा दाब मुंबईपेक्षा सहा-सात टक्क्यांनी कमी असतो, म्हणून बंकरमध्ये थर्मामीटर आणि बॅरोमीटर दोन्ही ठेवून प्रत्येक रीडिंगला करेक्शन लावावं लागतं. आता बॅरोमीटर बिघडला आणि कुणी मोबाईलच्या हवामान ॲपवरून दाब घेतला तर काय होईल? ॲपवर नाशिकचा दाब १०१० वगैरे दिसतो, कारण हवामानवाले तो समुद्रसपाटीला आणून दाखवतात, प्रत्यक्षात खोलीत तो ९४५ ते ९५० च्या आसपास असतो. तो चुकीचा आकडा घातला की मशीनचा डोस आहे त्यापेक्षा कमी दिसणार, मग फिजिसिस्ट तो वाढवून सेट करणार, आणि त्या दिवसापासून येणाऱ्या प्रत्येक पेशंटला सहा-सात टक्के जास्त रेडिएशन. पेशंट ज्याला लाईट घेणं म्हणतात ना, त्या लाईटचा डोस आम्हाला दोन-तीन टक्क्यांच्या आत ठेवायचा असतो, अन्ननलिका, मणका, आतडी यांना त्याहून जास्त फरक सोसत नाही. हे कुठल्याही रिपोर्टवर लिहिलेलं नसतं, पेशंटला कधी कळत नाही, कळायची गरजही नाही, पण कुणीतरी ते मन लावून करतंय म्हणून तो सुखरूप घरी जातो.

प्लॅनिंगमध्ये तर कॉरमॅक रोज भेटतात. त्यांना जो नकाशा पाहिजे होता तो म्हणजे आजचा प्लॅनिंग सीटी, प्रत्येक पेशंटचा रेडिएशनच्या आधी करतात तो. सीटीतल्या आकड्यांवरून कुठे किती घनता आहे ते कॉम्प्युटर काढतो आणि त्यावर डोसचं गणित करतो, फुफ्फुस फुफ्फुसासारखं धरून आणि हाड हाडासारखं. आकड्यावरून घनता काढायचं जे टेबल असतं ते प्रत्येक सीटी मशीनसाठी आम्ही वेगळं मोजून घेतो, वेगवेगळ्या घनतेच्या कांड्या घातलेला फँटम, म्हणजे पेशंटच्या जागी ठेवायचा नमुना, स्कॅन करून. मशीन बदललं, ट्यूब बदलली की परत तपासायचं. १९५६ ला ज्या प्रश्नाला इलाज नव्हता तो आता नाशिक, सोलापूर, कोल्हापूरच्या पेशंटसाठी रोजच्या रोज सुटतो. खारघरच्या ॲक्ट्रेकमध्ये, म्हणजे टाटा मेमोरियलच्याच केंद्रात, आता प्रोटॉनने उपचार करणारं मशीनही आलंय, तिथे प्रोटॉन नेमका किती खोलीवर थांबणार हे याच सीटीच्या आकड्यांवरून ठरवतात. खुद्द कॉरमॅक यांनीही सत्तरच्या दशकात हार्वर्डच्या सायक्लोट्रॉनवर प्रोटॉन वापरून टोमोग्राफी, म्हणजे सीटीसारखंच आतलं चित्र काढणं, करून बघितली होती.

आपल्या महाराष्ट्राला तर या विषयाची मोठी परंपरा आहे. डॉ. रामय्या नायडू पॅरिसला मारी क्युरींच्या लॅबमध्ये काम करून आले होते, १९४१ ला परळला टाटा मेमोरियल सुरू झालं तेव्हा तिथला रेडॉन प्लांट त्यांनी उभा केला. रेडियममधून निघणारा रेडॉन वायू गोळा करून तो उपचारासाठी बारीक नळ्यांमध्ये भरायचा, चार दिवसांच्या आत तो निम्मा होतो म्हणून हिशोब सतत करत राहायचा. पुढे ट्रॉम्ब्याला भाभा अणुसंशोधन केंद्रात एमएस्सीनंतरचा रेडिऑलॉजिकल फिजिक्सचा डिप्लोमा सुरू झाला, देशभरातल्या हॉस्पिटलांना कितीतरी फिजिसिस्ट तिथूनच मिळाले. एक्स-रे टेक्निशियनच्या छातीवर त्याला किती रेडिएशन मिळालं ते नोंदवणारा टीएलडी बॅज लावलेला दिसतो ना, तो कॅल्शियम सल्फेटच्या डिस्कचा बॅज भाभा केंद्राने बनवलेला आहे. भाभाट्रॉन हे कॅन्सरवर रेडिएशन देणारं कोबाल्टचं मशीनही त्यांचंच. इतकं सगळं मुंबईत असून विदर्भ-मराठवाड्यातल्या एमएस्सीच्या मुलांना या लाइनचं नावही माहीत नसतं याचं मला फार वाईट वाटतं.

आणि फिजिसिस्टला कुणी विचारत नाही याचा तोटा फक्त आम्हाला होत नाही. मे २०२१ आठवा. कोविडची दुसरी लाट, ज्याला त्याला छातीचा एचआरसीटी म्हणजे बारकाईने केलेला सीटी, आणि दिल्लीतल्या एका मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं की एक सीटी म्हणजे तीनशे-चारशे एक्स-रे, उगीच करू नका. रेडिऑलॉजिस्टच्या संघटनेने लगेच आक्षेप घेतला की आताची मशीन्स इतका डोस देत नाहीत. लोक गोंधळले, ज्यांना सीटी खरंच हवा होता तेही घाबरले. वास्तविक दोन्ही बाजूंचं म्हणणं कुठून येतं हे सांगता येण्यासारखं होतं. शरीराला मिळणारं रेडिएशन मिलिसीव्हर्टमध्ये मोजतात, छातीचा साधा सीटी साधारण ५ ते ७ मिलिसीव्हर्ट, लो डोस पद्धतीने केला तर दीडच्या आसपास. एक्स-रे नीट केला तर ०.०२, काही ठिकाणी ०.१ धरतात. मोठ्याला लहानाने भागलं की तीनशेच्या वर जातं, लो डोसला ०.१ ने भागलं की पंधरा येतं. आणि निसर्गातूनच माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसीव्हर्ट मिळत असतं. म्हणजे गरज नसताना सीटी करू नये हे खरं, आणि गरज असताना भिऊन टाळू नये हेही खरं, आणि मशीन कुठल्या सेटिंगवर चालवलंय यावर सगळं अवलंबून आहे हे सगळ्यात खरं. हे सेटिंग बघणं, पेशंटच्या वजनाप्रमाणे डोस कमी करून चित्र पुरेसं स्वच्छ येतंय का तपासणं, लहान मुलांसाठी वेगळा प्रोटोकॉल लावलाय का बघणं, हे फिजिसिस्टचं काम आहे. टीव्हीवरच्या ज्या चर्चा मी तेव्हा बघितल्या त्यात एकदाही कुणी फिजिसिस्टला बोलावलेलं दिसलं नाही.

मला काय व्हावं असं वाटतं ते लिहिते. ज्या हॉस्पिटलांमध्ये दोन-तीन फिजिसिस्ट आहेत तिथे प्रत्येकाला आठवड्यातला किमान अर्धा दिवस रिकामा द्यावा, पेशंटचं प्लॅनिंग नाही, ऑडिटची फाइल नाही, फक्त स्वतःला पडलेल्या प्रश्नावर काम. आपल्या पेशंटची अंगकाठी, आपल्याकडचे तोंडाचे आणि गर्भाशयमुखाचे कॅन्सर, कमी पैशात चालणारी मशीन्स, प्रश्नांना तोटा नाहीये, आणि ते प्रश्न बाहेरच्या कुणाला दिसणार नाहीत, रोज तिथे उभ्या असणाऱ्यालाच दिसतील. दुसरं, कॉलेज आणि युनिव्हर्सिटीच्या फिजिक्स विभागांनी जवळच्या कॅन्सर हॉस्पिटलशी बोलून कॉरमॅक यांच्यासारखी व्यवस्था करावी, एखादा प्राध्यापक आठवड्यातून एक दिवस तिथे जाईल, एमएस्सीचा प्रोजेक्ट तिथे होईल. सही आमचीच राहील, जबाबदारीही आमचीच, त्यांनी फक्त यावं, बघावं, विचारावं. आता जवळपास प्रत्येक मोठ्या जिल्ह्याच्या ठिकाणी रेडिएशनचं मशीन आहे, त्यामुळे हे मुंबई-पुण्यापुरतं राहायचं कारण नाही. आणि हॉस्पिटल चालवणाऱ्यांनी फिजिसिस्टला बिलिंगला बसवू नये, हे मी अगदी हात जोडून सांगते.

मुलांसाठी रस्ता असा आहे की फिजिक्स घेऊन बीएस्सी, एमएस्सी, मग रेडिऑलॉजिकल किंवा मेडिकल फिजिक्सचा मान्यताप्राप्त कोर्स, काही ठिकाणी थेट एमएस्सी मेडिकल फिजिक्सही करता येतं, आणि त्यानंतर रेडिओथेरपी असलेल्या हॉस्पिटलात एक वर्षाची इंटर्नशिप. कोर्सला मान्यता आहे का हे फी भरायच्या आधी एईआरबीकडे तपासून घ्या, एवढं मात्र नक्की करा. इंटर्नशिपला जागा कमी असतात, पळापळ होते, पण होते. अभ्यासात गणित भरपूर, शरीररचनाही शिकावी लागते. हाताने काम करायची आवड असेल तर उत्तम, कारण रात्री नऊला पेशंट संपल्यावर पाण्याची टाकी भरून चेंबर लेव्हल करत बसायची तयारी लागते. मुली मोठ्या संख्येने या लाइनमध्ये आहेत आणि छान काम करतायत, घरच्यांनी रेडिएशनचं नाव ऐकून घाबरू नये, कामगारांसाठी पाच वर्षांची सरासरी काढून वर्षाला २० मिलिसीव्हर्टची मर्यादा आहे आणि नीट काम करणाऱ्या फिजिसिस्टच्या बॅजवर त्याच्या जवळपासही आकडा येत नाही.

७ नोव्हेंबरला मारी क्युरींचा जन्मदिवस असतो, तो जगभर मेडिकल फिजिक्स दिवस म्हणून पाळतात. त्या आठवड्याच्या पुरवणीत या विषयाला अर्धं पान दिलंत तर मी आणि माझ्या ओळखीचे दोघं-तिघं विनामोबदला लिहून देऊ, मुलांच्या प्रश्नांना उत्तरंही देऊ. पत्र फार लांबलंय याची कल्पना आहे, जागेअभावी काटछाट करावी लागली तर नाशिकच्या हवेच्या दाबाचं कमी करा, केप टाऊनच्या हॉस्पिटलचं मात्र पूर्ण छापा.

कळावे,
आपली नम्र,
एक निवृत्त मेडिकल फिजिसिस्ट, नाशिक